छातीवरचं नाव (गीता, अध्याय २, श्लोक २२)



आजचा श्लोक तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असणार. शाळेत नाही तर घरी, घरी नाही तर कुणाच्या तरी दहाव्याला. माणूस जीर्ण झालेले कपडे टाकतो आणि दुसरे नवे घालतो, तसाच देहात राहणारा जीर्ण देह टाकून नव्या देहात जातो. इतकी सोपी उपमा की आपण कपड्यावरून भर्रकन आत्म्याकडे जातो. कपडा तिथेच पडून राहतो.

आज मला त्या कपड्यापाशीच थांबायचंय. कारण या आठवड्यात जो प्रश्न आलाय तो खरोखरच कपड्याचा आहे.

माझा मावसभाऊ अमेरिकेत मिशिगनला असतो. आयटीत नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण अमेरिका म्हटलं की सगळे तेच धरून चालतात. तो घरोघरी जाऊन फर्नेस दुरुस्त करतो. म्हणजे घर गरम ठेवणारं, बहुतेक वेळा तळघरात बसवलेलं यंत्र. तिथल्या हिवाळ्यात ते रात्रभर बंद पडलं तर माणसं गारठतातच, शिवाय नळाच्या पाइपातलं पाणी गोठून पाइपही फुटतात. हे काम त्याला एका वयस्कर सहकाऱ्यानं शिकवलं. दोन वर्षं दोघं एकाच गाडीतून फिरले. हत्यारांची पेटी उघडायच्या आधी फिल्टर काढून बघायचा, निम्मे बिघाड तिथेच सापडतात, हे त्यांचं पहिलं शिकवणं. गेल्या हिवाळ्यात ते गृहस्थ वारले. त्यांच्या पत्नीनं भावाला घरी बोलावून त्यांचं कामाचं जाकीट हातात दिलं. म्हणाल्या, कपाटात लटकवून मी काय करू, हे थंडीत बाहेर जाऊ दे.

जाकिटाच्या छातीवर त्यांचं नाव आहे. पांढरा लंबगोल पॅच, त्यावर लाल दोऱ्यानं विणलेली अक्षरं.

भावाचा मेसेज असा: "ताई, कंपनीनं माझ्या नावाचा पॅच दिलाय. त्यांचं नाव उसवू का? कात्री हातात घेतली की हात थांबतो. तू रोज गीतेवर लिहितेस ना, मग सांग."

आता हे जाकीट म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण आपल्याकडे जाकीट म्हटलं की लोकरीचं किंवा बाइकवाल्यांचं डोळ्यांपुढे येतं. हे कॅनव्हासचं असतं. त्या कापडाला इंग्रजीत 'डक' म्हणतात. बदकाशी त्याचा काही संबंध नाही, डच भाषेत कापडाला जो शब्द आहे त्यावरून ते नाव आलंय. घट्ट विणीचं जाड सुती कापड. चौरस यार्डाला १२ औंस वजनाचं कापड या जाकिटांना नेहमी वापरतात, म्हणजे चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅम. आपल्या नेहमीच्या शर्टाच्या कापडाच्या तिप्पट तरी धरा. मिशिगनमधल्याच डेट्रॉइट शहरात १८८९ साली हॅमिल्टन कारहार्ट यांनी कामगारांचे कपडे शिवायला सुरुवात केली, आधी रेल्वेच्या कामगारांसाठी. आज त्या तपकिरी कॅनव्हासचं जाकीट तिकडे सुतार, शेतकरी, वेल्डर, प्लंबर सगळ्यांच्या अंगावर दिसतं. नवं असताना ते पुठ्ठ्यासारखं ताठ असतं. मग वर्षानुवर्षं घालून ते त्या माणसाचं होत जातं. कोपर जिथे वाकतो तिथे घड्या पडतात, ज्या खिशात पक्कड असते तो खिसा पकडीच्या आकाराचा होतो, बाह्यांच्या कडा पांढरट पडतात.

आता श्लोकाकडे. श्लोकातला शब्द 'जीर्ण' असा आहे. जुना नव्हे, नको झालेला तर अजिबात नव्हे. जीर्ण म्हणजे वापरून वापरून झिजलेला, ज्याचं काम पुरतं झालंय असा. आपण सेलमध्ये नवं घेता यावं म्हणून कपाटातला धडका कपडा काढून टाकतो, त्याला या श्लोकाचा आधार नाही. (मी असं समर्थन खरंच ऐकलंय. "अगं, गीतेतच सांगितलंय, जुने कपडे टाका.") तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे ते जाकीट जीर्ण नाही. एका कोपरावर विरलंय, तिथे आतून कापड लावलं की अजून दहा हिवाळे काढेल. जीर्ण झाला होता तो त्या गृहस्थांचा देह. तो त्यांनी टाकला आणि कपडा मागे राहिला. श्लोकातली उपमा आणि तिचा अर्थ इथे उलटेपालटे होऊन बसलेत, म्हणून भावाचा हात थांबत असावा. त्या लाल अक्षरांना कात्री लावणं म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा निरोप देणं, असं त्याला वाटतंय.

मग राहू दे की ते नाव, असं कुणी म्हणेल. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण ते नाव तिथे कशासाठी असतं याचा विचार करा. हिवाळ्यात रात्री नऊ वाजता एक परका माणूस तुमच्या दारात उभा राहतो. घरात कदाचित एकटी म्हातारी बाई आहे. त्याला तिनं तळघरात जाऊ द्यायचंय आणि तो जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचाय. फर्नेसला आतून तडा गेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपेतच माणूस जातो. म्हणजे 'काळजी नको, ठीक आहे' किंवा 'आज हे चालू करायचं नाही' या त्याच्या एका वाक्यावर तिचा जीव अवलंबून आहे. अशा वेळी छातीवरचं नाव म्हणजे शोभा नसते. मी अमुक, माझ्या कामाला मी जबाबदार, उद्या काही झालं तर या नावानं मला विचारा, असं ते दारात उभं राहून सांगत असतं.

त्या जागी मेलेल्या माणसाचं नाव घेऊन उभं राहायचं? प्रेमानं का होईना, दाराआडच्या बाईला ते असत्यच. आणि दुसरीकडूनही बघा. भावाच्या हातून काही चूक झाली तर ती त्या गृहस्थांच्या नावावर जमा होणार. ज्यांनी फिल्टर आधी बघायला शिकवलं, त्यांच्या नावावर न बघितलेला फिल्टर! कृतज्ञता म्हणून नाव ठेवायचं आणि त्याच नावाला बट्टा लागायची सोय करायची, हे मला पटत नाही.

एक मधला मार्ग त्यानं स्वतःच सुचवला होता. त्यांचं नाव न उसवता आपला पॅच त्याच्यावरच शिवायचा. वर शिष्याचं नाव, खाली गुरूचं. ऐकायला फार गोड आहे. कीर्तनात सांगितलं तर लोक डोळे पुसतील. पण खालचं नाव मग कुणालाच वाचता येणार नाही, त्यालाही नाही, आणि ज्यांनी जाकीट दिलं त्यांनाही नाही. शिवाय दोन विणलेले पॅच आणि खाली जाड कॅनव्हास यातून सुई जातच नाही, गेली तर मोडते. कधीकधी कापडच आपल्याला सांगतं की ही कल्पना आपल्या मनाच्या समाधानासाठी आहे.

नाव म्हणजे तरी काय हो? श्लोक कपडा आणि घालणारा यांच्यात फरक करायला सांगतो. नाव तर कपड्यावरही नंतर शिवलेलं. बारशाला आपल्याला नाव मिळतं तेव्हा आपण आधीच जन्मलेले असतो. आपल्याकडचं याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण मला गाडगेबाबांचं वाटतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या या माणसाचं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. १९०५ साली ते घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या जोडून केलेला कपडा, हातात खराटा, आणि खायला-प्यायला मातीचं फुटकं गाडगं. दिवसा गाव झाडायचं, रात्री त्याच गावात कीर्तन करायचं. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणू लागले, गाडगेबाबा म्हणू लागले. म्हणजे आईबापांनी दिलेलं नाव गळून पडलं आणि ठिगळांनी व गाडग्यानं नवं नाव दिलं. त्यांनी छातीवर काही लिहिलं नव्हतं. लोकांनी अंगावरचं कापड आणि हातातलं भांडं बघून नाव ठेवलं आणि महाराष्ट्रानं तेच लक्षात ठेवलं.

आपल्या घरातल्या गोधडीचंही तसंच नाही का? तिच्यावर कुणाचंच नाव नसतं. तरी आई सांगते, हा हिरवा तुकडा आजीच्या लुगड्याचा, हा आत्याच्या साडीचा, हे तुझं बाळपणीचं झबलं. धावदोऱ्याच्या ओळींत सगळं घर एकत्र शिवलेलं असतं. नाव नाही म्हणून कुणी विसरत नाही.

म्हणून भावाला मी लिहिलं की नाव उसव. आणि उसवल्यावर काय दिसेल तेही लिहिलं. कॅनव्हास उन्हानं आणि धुण्यानं विटतो, पण पॅचखालचं कापड विटलेलं नसतं. पॅच निघाला की त्या जागी गडद तपकिरी लंबगोल दिसेल, जाकीट नवं होतं त्या दिवसाचा रंग. भोवती टाक्यांची बारीक भोकं. ती दोन-चार धुण्यांत बरीचशी बुजतात, रंग मात्र तसाच राहतो. म्हणजे नाव काढलं तरी जागा राहते. माझं म्हणणं, आपला पॅच त्याच जागेवर लाव. ती जागा त्यांनाही कामानं दिली होती, तुलाही कामच देतंय. तुझा पॅच थोडा लहान असेल तर कडेनं गडद रंगाची किनार दिसेल. दिसू दे.

हे करून गृहस्थ पुसले जातील का? मला नाही वाटत. कोपराच्या घड्या त्यांच्याच आहेत, पकडीचा खिसा त्यांचाच आहे. आणि फिल्टर आधी बघायची सवय आता भावाच्या हातात आहे. इथे एक सावधगिरी. 'बघा, एक देह गेला आणि तेच काम दुसऱ्या देहात आलं' असं म्हणायचा मोह होतो. पण श्लोक ते सांगत नाही. तो देहात राहणाऱ्याबद्दल बोलतो, कौशल्याच्या वारशाबद्दल नाही. ओढूनताणून श्लोकाला आपल्या गोष्टीत बसवणं म्हणजेही एक प्रकारचं ठिगळच. कामाबद्दल बोलायचं तर अठरावा अध्याय आहे, आपल्या वाट्याचं काम हीच त्याची पूजा असं सांगणारा. तिथे पोहोचलो की बोलू.

पण या सगळ्यात एक व्यक्ती राहून जाते. जाकीट कुणी दिलं? पत्नीनं. मग नाव कुणाचं? गृहस्थ तर गेले. शास्त्रानं म्हणाल तर ते नाव आता त्यांचं नाहीच. भावाचं तर कधीच नव्हतं. उरतं कुणाला? ज्या बाईनं वर्षानुवर्षं ते जाकीट मशीनमध्ये टाकलं, वाळवलं, दाराशी अडकवलं, तिला. कदाचित पॅचचे सुटलेले टाके तिनंच पुन्हा घातले असतील. भावाचा प्रश्न 'मी उसवू का' असा होता आणि तो त्यानं सात समुद्र पलीकडे मला विचारला, त्या बाई तर त्याच गावात आहेत. मी त्याला सांगितलं, आधी त्यांच्याकडे जा. नाव ठेवा म्हणाल्या तर जाकीट घरी घाल, बर्फ उपसताना घाल, पण कामावर दुसरं घाल. पॅच मला दे म्हणाल्या तर धुऊन, नीट घडी करून दे. आणि 'तुला हवा तर ठेव' म्हणाल्या तर जाकिटाच्या आतल्या बाजूला, खिशाच्या वर शिव. तिथे तो दारातल्या कुणाला फसवत नाही आणि तुला रोज दिसतो.

आपल्याला वैराग्याचे श्लोक पाठ असतात ना, तेव्हा एक गंमत होते. स्वतःच्या वस्तूंवर ते लावायला जड जातात, दुसऱ्याच्या दुःखावर मात्र चटकन लावता येतात. 'आत्मा अमर आहे, कपड्यात काय आहे' हे वाक्य नवरा गेलेल्या बाईला आपण ऐकवायचं नसतं. ते तिनं म्हणायचं, म्हणावंसं वाटलं तर. आणि तसं बघाल तर त्या बाईंनी ते आधीच म्हटलंय. कपाटात लटकवून काय करू, थंडीत बाहेर जाऊ दे. एवढ्यात सगळा श्लोक आला की.

जरा विषयांतर करते, कारण तुमच्यापैकी कितीतरी जण जुन्या कपड्यांच्या दुकानांतून आणि ऑनलाइन असली जाकिटं घेता. कुठल्या तरी अनोळखी माणसाचं नाव छातीवर, कोपर फाटलेलं, रंग उडालेला, आणि जितकं फाटकं तितकं महाग. बौद्ध विनयात याच्या बरोबर उलट गोष्ट आहे. बुद्धांनी मगधाच्या शेतांची बांधाबांधांची आखणी बघितली आणि आनंदांना विचारलं, भिक्षूंचं चीवर असं करता येईल का? मग कापडाचे तुकडे करून ते शेतासारखे जोडून चीवर शिवायची रीत पडली. त्यात एक हेतू असाही होता की तुकडे केलेल्या कापडाला बाजारात किंमत उरत नाही, चोरालाही त्याचा मोह पडत नाही. तिथे ठिगळ मोह घालवायला होतं, इथे ठिगळच विकत घ्यायचं. जुनं वापरणं चांगलंच आहे, मी त्याला नाव ठेवत नाही. पण दुसऱ्याच्या घामानं विटलेला रंग हौस म्हणून मिरवताना छातीवरचं ते नाव एकदा वाचावं, इतकंच. कुठल्या तरी दारात ते कधी तरी जबाबदारी घेऊन उभं होतं.

आणि भक्तीचे पॅच! विठ्ठलाचा, ओमचा, तुळशीमाळेच्या चित्राचा. गेल्या वारीच्या वेळी तुमच्यापैकी तिघांनी मला फोटो पाठवले. सुंदर होते. एकानं विचारलं होतं की इस्त्रीनं चिकटवलेला पॅच तिसऱ्या धुण्याला सुटला, हा काही संकेत आहे का? नाही बाबा, हा गोंद आहे. जाड कॅनव्हासवर इस्त्रीची उष्णता नीट पोहोचत नाही, पाणी न धरणारा थर दिलेला असेल तर गोंद चिकटतच नाही, आणि कापड वाकेल तिथून तो सुटत जातो. शिवावाच लागतो. नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले, त्यांच्या पदांत शिंप्याची हत्यारं नामस्मरणाची हत्यारं होऊन येतात. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. सुईचं काम इतक्या दूर गेलंय. तेव्हा सुई घ्यायला लाजू नका.

भावाला शेवटी शिवायचं कसं तेही विचारायचं होतंच, आणि तुम्हीही विचारणार, म्हणून लिहून टाकते.

आधी पॅच आणि जाकीट दोन्ही धुऊन घ्या. नवं कोरं कापड जुन्या वस्त्राला लावू नये, ते आकसतं आणि फाटकं आणखी फाडतं, हा दृष्टांत बायबलमध्ये येशूनं दिलाय आणि शिवणकाम म्हणूनही तो अगदी खरा आहे. हल्लीचे विणलेले पॅच बहुधा पॉलिएस्टरवर असतात, ते फारसे आकसत नाहीत. पण नवं सुती जाकीट आकसतं, मग पॅचभोवती सुरकुत्या पडतात. जुनं जाकीट आकसून बसलेलं असतं, त्याला तो त्रास नाही. मशीनला जीन्ससाठीची १०० किंवा ११० नंबरची सुई लावा. हातानं करायचं तर जाड सुई आणि मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा. दाभण नको, भोकं मोठी पडतात. धावदोरा घालू नका, तो ओढला जातो. बखिया घाला, पॅचच्या जाड कडेच्या अगदी आतून. टाके फक्त वरच्या कापडातून न्या. अस्तर पकडलं तर जाकीट आतून ओढलं जातं. छातीवर खिसा असेल तर त्यात एक हात ठेवूनच शिवा, नाही तर खिसा कायमचा बंद. आणि वेल्डिंगचं किंवा आगीपासून जपणारं खास जाकीट असेल तर साधा पॅच आणि साधा दोरा मुळीच लावू नका. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. त्याला वेगळा पॅच, वेगळा दोरा मिळतो, कंपनीला विचारा. एवढं सगळं जमणार नसेल तर चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जा, त्याचं मशीन हे कापड लोण्यासारखं शिवतं.

अंगुस्तान मात्र घाला. कॅनव्हासमधून सुई ढकलताना तिचं मागचं टोक बोटात जातं.

भाऊ रविवारी त्या बाईंकडे जाणार आहे. सोबत जाकीट नेतोय, कात्री नाही.

उद्या श्लोक २३.

राम कृष्ण हरी.